अपघात तेवढेच, मृत्यू जास्त: महाराष्ट्रातल्या ट्रक-बस अपघातांचे आकडे कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भातल्या एका ताईंची मुलगी पुण्यात नोकरी करते आणि सणासुदीला रात्रीच्या स्लीपर गाडीनं घरी येते. समृद्धी महामार्गावर बस जळाली तेव्हापासून घरात धास्ती आहे. ताई विचारतात: महाराष्ट्रात ट्रक आणि बसचे अपघात खरोखर वाढत चाललेत, की बातम्या मोठ्या येतात म्हणून तसं वाटतं? आणि आकडे बघायचेच तर कुठले बघायचे?

ताई, मी मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरी केली. पासिंगला आलेल्या गाड्या तपासल्या आणि अपघातानंतर पोलीस ठाण्याच्या आवारात ओढून आणलेल्या गाड्याही तपासल्या. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, ते सावकाश वाचा.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. 2018 मध्ये महाराष्ट्रात 35,717 अपघात नोंदले गेले आणि त्यांत 13,261 माणसं गेली. 2023 मध्ये अपघात 35,243, म्हणजे किंचित कमीच. मृत्यू मात्र 15,366. अपघात जवळपास तेवढेच राहिले आणि वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं अधिक जाऊ लागली. हे सगळ्या वाहनांचे मिळून आकडे आहेत, नुसत्या ट्रक-बसचे नाहीत. पण तेवढ्याच अपघातांत जास्त माणसं का मरतात, हे शोधायला लागलं की मला तरी फिरून फिरून अवजड गाड्यांपाशीच यावं लागतं. ते कसं, तेच पुढे सांगायचा प्रयत्न करतो.

पण त्याआधी एक सावधगिरी. अपघातांचा आकडा हा कच्चा आकडा आहे आणि मृत्यूंचा आकडा पक्का. 2015 मध्ये राज्यात 63,805 अपघात झाल्याची नोंद आहे. पुढच्याच वर्षी, 2016 मध्ये, 39,878. एका वर्षात अपघात एक तृतीयांशाहून जास्त कमी झाले? त्याच दोन वर्षांतले मृत्यू बघा: 13,212 आणि 12,935. फरक जेमतेम दोन टक्क्यांचा. रस्ते, चालक, गाड्या, काहीच एका वर्षात इतकं सुधारत नसतं. असा खड्डा पडतो तो मोजणीत. कुठला प्रसंग अपघात म्हणून वहीत चढवायचा, नुसता पत्रा चेपला असेल तर चढवायचा की नाही, याची पद्धत बदलली की आकडा कोसळतो. माणूस गेला तर मात्र पंचनामा, शवविच्छेदन, विम्याचा दावा, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हे सगळं मागे लागतं, त्यामुळे तो सहसा नोंदीतून सुटत नाही. अपघातानंतर 30 दिवसांच्या आत दवाखान्यात गेला तरी तो रस्ते अपघातातलाच मृत्यू धरतात. म्हणून ‘अपघात इतके टक्के घटले’ अशी बातमी आली की मी आधी मृत्यू किती ते विचारतो. तो आकडा हलला नसेल तर घट कागदावरची समजायची.

दुसऱ्या राज्याशी तुलना करताना तर हे फारच जपावं लागतं. 2022 मध्ये केरळात 43,910 अपघात आणि 4,317 मृत्यू झाले. महाराष्ट्रात 33,383 अपघात आणि 15,224 मृत्यू. शंभर अपघातांमागे तिकडे दहाच्या आसपास माणसं गेली, आपल्याकडे 45 हून जास्त. यातला काही भाग नोंदणीचा आहे, कारण केरळात किरकोळ अपघातही पोलिसांत जातो. पण सगळं काही नोंदणीवर ढकलता येत नाही. आपल्याकडे अंतरं लांब आहेत, मोकळे चौपदरी रस्ते आहेत, घाट आहेत, न्हावाशेवा बंदराची कंटेनर वाहतूक आहे, आणि मुंबईहून आग्रा, बेंगळुरू, अहमदाबाद, हैदराबादकडे जाणारा देशभराचा माल आपल्या राज्यातून जातो. मृत्यूंच्या संख्येत त्या वर्षी आपल्या वर फक्त उत्तर प्रदेश आणि तमिळनाडू होते.

आता ज्या आकड्यानं माझं मत पक्कं झालं तो सांगतो. 2019 मध्ये राज्यात 32,925 अपघात आणि 12,788 मृत्यू होते. 2020 हे टाळेबंदीचं वर्ष. अपघात 24,971 वर आले, म्हणजे 24 टक्क्यांची घट. मृत्यू 11,569, घट साडेनऊ टक्के. त्या वर्षी शाळेच्या रिक्षा बंद, ऑफिसला जाणाऱ्या दुचाकी बंद, सहलीच्या बसगाड्या बंद होत्या. चालू होतं ते अत्यावश्यक मालाचं दळणवळण: दूध, भाजी, धान्य, औषधं, गॅस. रस्ते मोकळे, गाड्या सुसाट आणि रस्त्यावर ट्रकचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त. अपघात कमी झाले, पण जे झाले ते जीव घेऊन गेले. शंभर अपघातांमागे 2019 मध्ये 39 च्या आसपास असलेले मृत्यू 2020 मध्ये 46 वर गेले. साथ ओसरली, शाळा-ऑफिसं सुरू झाली, तरी ते प्रमाण 2021 आणि 2022 मध्ये 45 च्या वरच राहिलं, 2023 मध्ये 43 ते 44 च्या दरम्यान. पूर्वीच्या जागी ते परत आलंच नाही. लोकांना मोकळ्या रस्त्यावर जो वेग अंगवळणी पडला तो पडलाच, आणि त्याच काळात नवे वेगवान रस्तेही खुले झाले.

‘ट्रकचे अपघात’ म्हणजे काय, इथेही गफलत होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात दोन वेगळे तक्ते असतात. एकात मरणारा कुठल्या वाहनात होता ते असतं, दुसऱ्यात समोरचं वाहन कुठलं होतं ते. पहिला तक्ता बघितला तर देशात 2022 मध्ये मेलेल्यांपैकी 44.5 टक्के दुचाकीवर होते आणि 19.5 टक्के पायी चालणारे. ट्रकमधले सहा टक्क्यांच्या आसपास, बसमधले त्याहूनही कमी. हा तक्ता वाचून कोणी म्हणेल, ट्रक-बस सुरक्षित आहेत, खरा प्रश्न दुचाकीचा. पण तो दुचाकीवाला कशाखाली आला? ट्रकच्या मागच्या चाकाखाली आलेला कॉलेजचा मुलगा पहिल्या तक्त्यात ‘दुचाकी’ म्हणून मोजला जातो. ट्रकमधला चालक उंच बसलेला असतो, त्याच्याभोवती टनावारी लोखंड असतं. मरतो समोरचा. म्हणून अवजड वाहनांचं खरं चित्र हवं असेल तर दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वाचायला हवेत.

शिवाय ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत’ हे शब्द आपण जिल्हा पानावर रोज वाचतो. 2022 मध्ये देशात धडक देऊन पळून गेलेल्या वाहनांमुळे तीस हजारांवर माणसं गेली. त्यातली अवजड किती हे कुठल्याच रकान्यात नाही. पण रात्री महामार्गावर कोण धावत असतं हे महामार्गाकाठच्या कुठल्याही गावकऱ्याला माहीत आहे. जाता जाता एक उपयोगाची गोष्ट: वाहन सापडलं नाही तरी अशा मृत्यूसाठी वारसाला 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. 1 एप्रिल 2022 पासून ही रक्कम लागू आहे. बऱ्याच घरांना ते ठाऊक नसतं आणि अर्जच केला जात नाही.

कारणांच्या रकान्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. दरवर्षी अहवाल आला की ठळक मथळा तोच: सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे. वेग मारतो यात शंका नाही. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, आणि 28 टनांच्या गाडीत ती ऊर्जा कुठे तरी जिरावीच लागते. पण हा रकाना भरतो कोण आणि कसा? अपघात झाल्यावर घटनास्थळी पोहोचलेला हवालदार वाहतूक मोकळी करण्याच्या गडबडीत असतो. जखमींना हलवायचं, जमाव आवरायचा, क्रेन बोलवायची. फिर्यादीत वाक्य ठरलेलं असतं: ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून’. कलम त्यावर लागतं. तेच वाक्य पुढे आकडेवारीत ‘अतिवेग’ होऊन बसतं. गाडी खरंच किती वेगात होती हे पुष्कळदा मोजलेलंच नसतं.

गाडी काय सांगते ते बघा. घाट उतरताना ब्रेक फेल होऊन धडकलेला ट्रक तपासायला गेलो की आधी गिअरची दांडी कुठे आहे ते बघायचं. ती न्यूट्रलला असेल तर मनात पहिली शंका येते, पण धडकेत दांडी हलू शकते म्हणून तेवढ्यावर काही लिहायचं नाही. मग चाकं काढायची. उतारावर मैलोन्‌मैल ब्रेक दाबून ठेवलेल्या गाडीच्या ड्रमवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्यावर, निळसर झाक येते, त्याला घासून चाक थांबवणारा लायनर चकचकीत गुळगुळीत झालेला असतो आणि दुसऱ्या दिवशीही त्याला करपट वास येतो. असा लायनर ड्रमला धरत नाही, नुसता घासत राहतो. मग गाडीखाली शिरून लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा प्रत्येक चाकाचा स्लॅक अ‍ॅडजस्टर बघायचा. ब्रेक मारल्यावर पुशरॉड, म्हणजे हवेच्या दाबानं ब्रेक ढकलणारी दांडी, नको इतका बाहेर येत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक असून नसल्यासारखा. कधी पुढच्या चाकांकडे जाणारी हवेची नळीच बंद केलेली सापडते, कारण कोणा मेस्त्रीनं सांगितलेलं असतं की पुढचे ब्रेक लागले तर गाडी एका बाजूला ओढते. म्हणजे सहा चाकांचा भार चार चाकांच्या ब्रेकवर. त्यात स्प्रिंगचे पाटे जादा बसवून लोड वाढवलेला. आता सांगा, या अपघाताचं कारण काय लिहायचं? अतिवेग? शेवटच्या दोन किलोमीटरला गाडीला वेग होताच. पण तो चालकानं दिलेला नव्हता, त्याला आवरता न आलेला होता.

न्यूट्रलवर उतरायची सवय का लागते तेही समजून घ्यायला हवं. पुष्कळ मालक चालकाला फेरीवर पैसे देतात आणि डिझेलचा हिशेब घट्ट असतो. वाचलेलं डिझेल म्हणजे चार पैसे. न्यूट्रलला गाडी टाकली की इंजिनाचा रोध जातो, इंजिनाचा धूर अडवून गाडी आवरणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकचा उपयोग राहत नाही, आणि सगळा भार ड्रमवर येतो. पुण्याजवळ नवले पुलाची बातमी येते तेव्हा कात्रजच्या नव्या बोगद्यापासून तिथवरचा उतार डोळ्यांसमोर आणा. 20 नोव्हेंबर 2022 ला तिथे एका अवजड वाहनानं 48 गाड्यांना धडक दिली. जुलै 2023 मध्ये धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळ पळासनेरला मुंबई-आग्रा महामार्गावर कंटेनर आटोक्याबाहेर जाऊन हॉटेलात घुसला आणि दहा माणसं गेली. उतार, लोड आणि तापलेला ब्रेक, हे त्रिकूट वर्षानुवर्षं तेच आहे. बोर घाटात अवजड वाहनांना वेगाची कमी मर्यादा आहे ती याचसाठी.

आता थांबलेला ट्रक. चालणाऱ्या ट्रकपेक्षा मला रात्री थांबलेल्या ट्रकची जास्त भीती वाटते. 5 जून 2016 ला पनवेलजवळ द्रुतगती मार्गावर कडेला थांबलेल्या दोन मोटारींवर खाजगी बस आदळली आणि 17 जण गेले. 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धीवर वैजापूरजवळ सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची मिनी बस पुढच्या ट्रकवर मागून आदळली आणि 12 जणांचा जीव गेला. तो ट्रक तपासणीसाठी थांबवला होता असा आरोप झाला आणि दोन परिवहन अधिकाऱ्यांना अटक झाली. ज्या कामात मी आयुष्य घालवलं त्याबद्दल हे लिहिताना जड जातं, पण लिहायलाच हवं: ताशी 120 च्या रस्त्यावर, अंधारात, मार्गिकेच्या काठाला गाडी उभी करून तपासणी करणं हाच मोठा धोका आहे. तपासणी टोल नाक्यावर, उजेडात, वेगळ्या जागेत व्हायला हवी.

मागून धडक हा प्रकार देशभरात सगळ्यात वरच्या क्रमांकांत असतो. महामार्गावर तो घातक होतो तो ट्रकच्या मागच्या बांधणीमुळे. फाळक्याखाली जी आडवी लोखंडी पट्टी असते ती मोटारीला आत घुसू न देण्यासाठी असते. ती वाकलेली, गंजलेली किंवा माल उतरवताना अडते म्हणून कापून टाकलेली असली, तर मोटारीचं बॉनेट ट्रकखाली जातं आणि फाळका थेट काचेतून आत येतो. मग पुढची एअरबॅग काय करणार? नियमानं ट्रकला मागे लाल, पुढे पांढऱ्या आणि बाजूला पिवळ्या परावर्तक पट्ट्या लागतात. पासिंगच्या आदल्या दिवशी त्या चिकटवल्या जातात आणि दोन पावसाळ्यांत चिखलानं झाकल्या जातात. पट्टी पुसायला एक फडकं आणि दोन मिनिटं लागतात. मालकांनी चालकाला एवढं एक काम रोज लावलं तरी मला पुरेसं वाटेल.

यातच उसाचा हंगाम येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर पट्ट्यात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस कारखान्याकडे निघतो. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, पट्टी नाही, असलीच तर लोंबणाऱ्या वाढ्यांनी (उसाच्या शेंड्यांनी) झाकलेली. दुचाकीवाला किंवा एसटी मागून येते तेव्हा समोर अंधाराचाच एक तुकडा असतो. हे मृत्यू अहवालात ‘ट्रॅक्टर’ नाही तर ‘दुचाकी’ अशा रकान्यांत विखुरतात, त्यामुळे ट्रक-बसच्या चर्चेत कधी येत नाहीत. पण ते अवजड मालवाहतुकीचेच बळी आहेत आणि ते थांबवणं सगळ्यात स्वस्त आहे. काही कारखाने गव्हाणीत, म्हणजे ऊस टाकायच्या जागी, घेण्याआधी ट्रॉलीला पट्ट्या बघतात. सगळ्यांनी बघायला हव्यात.

बसकडे येऊ. बस अपघात संख्येनं थोडे असतात, पण एका वेळी वीस-पंचवीस माणसं जातात म्हणून मनावर कायमचे कोरले जातात. जानेवारी 2020 मध्ये देवळ्याजवळ मेशी फाट्यावर एसटी आणि रिक्षा धडकून दोन्ही विहिरीत पडल्या, 26 जण गेले. जुलै 2018 मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली, 30 जण गेले. एप्रिल 2023 मध्ये खोपोलीजवळ पहाटे ढोलपथकाची बस दरीत कोसळली, 13 जण गेले, बहुतेक कोवळी पोरं. ऑक्टोबर 2022 मध्ये पहाटे नाशिकात यवतमाळहून मुंबईला निघालेली बस ट्रेलरला धडकून पेटली, 12 गेले. आणि 1 जुलै 2023 ला रात्री दीडच्या सुमारास समृद्धीवर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला नागपूर-पुणे बस उलटून पेटली, 25 गेले.

एखाद्या वर्षी असा एक अपघात जास्त घडला की बसमृत्यूंचा आकडा उडी मारतो, नाही घडला तर खाली येतो. म्हणून बसच्या बाबतीत एका वर्षाचा आकडा घेऊन ‘वाढले’, ‘घटले’ म्हणणं चुकीचं. पाच-सात वर्षं एकत्र बघावी लागतात. आणि एसटी की खाजगी, कोण जास्त सुरक्षित, हा वाद आकड्यांनी मिटवायचा तर एक अडचण आहे. एसटी किती किलोमीटर धावली याचा हिशेब महामंडळाकडे असतो, त्यामुळे लाख किलोमीटरमागे अपघात किती हे काढता येतं. खाजगी गाड्यांचे एकूण किलोमीटर कुठेच एकत्र नोंदलेले नसतात. भागायला खालचा आकडाच नाही. माझा अनुभव विचाराल तर एसटीच्या चालकाला ड्युटीचा कागद असतो, आगारात गाडीची तपासणी असते, आणि पुष्कळ खाजगी ठिकाणी यातलं काहीच लेखी नसतं. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास ठरवून दिले होते. हा कायदा पाळला जातो की नाही हे बघण्याची यंत्रणा माझ्या नोकरीत तरी मला सक्षम दिसली नाही.

वर दिलेल्या घटनांच्या वेळा पुन्हा बघा. दीड, पहाट, पहाट. देशभरात सर्वांत जास्त अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत होतात, कारण तेव्हा रस्ते भरलेले असतात. लांब पल्ल्याच्या बसचे मोठे अपघात मात्र मध्यरात्र ते पहाट या वेळेत पुनःपुन्हा दिसतात. शरीराला त्या वेळी झोप हवीच असते. चहा, तंबाखू, गाणी यांनी ती ढकलता येते, घालवता येत नाही. 701 किलोमीटरचा समृद्धी मार्ग सरळ आणि एकसुरी आहे. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला तेव्हा वाटेत थांबायला धड जागाही नव्हत्या. डुलकी लागलेल्या चालकाच्या बाबतीत रस्त्यावर ब्रेकच्या खुणाच नसतात. गाडी सरळ जाऊन आदळते. बुलढाण्याच्या अपघातात चालकानं टायर फुटल्याचं सांगितलं होतं, तपासणीत त्याला दुजोरा मिळाला नाही.

त्या रात्री माणसं धडकेनं कमी आणि अडकल्यानं जास्त गेली, हे माझं मत आहे. बस डाव्या कुशीवर पडली म्हणजे दरवाजा खाली गेला. स्लीपरमध्ये एक माणूस जाईल एवढाच बोळ, बर्थवर माणसं गाढ झोपलेली, डिझेल सांडलेलं. अशा वेळी बाहेर पडायला मागची काच, छतावरची झडप आणि उजवीकडचं आपत्कालीन दार एवढंच उरतं. बसच्या बांधणीचे आणि स्लीपर बसचे नियम आहेत, निर्गमनद्वारं त्यात ठरवून दिलेली आहेत. पण पासिंग झाल्यावर त्याच दारापुढे जादा बर्थ ठोकलेला किंवा पार्सलची पोती रचलेली मी पाहिली आहेत.

म्हणून ताई, मुलीला रात्रीचा प्रवास सोडायला सांगू नका, तो सोडणं सगळ्यांना जमत नाही. तिला एवढं सांगा. गाडीत चढल्यावर आपत्कालीन दार कुठे आहे आणि ते मोकळं आहे का, हे आधी बघायचं. हातोडा कुठे टांगलाय ते बघायचं, नसेल तर मागायचा. बाजूच्या काचा कोपऱ्यावर मारल्या की फुटतात, पुढची मोठी काच तशी फुटत नाही. दुसरा चालक आहे का, हे निघतानाच विचारायचं, आणि आत्ता चालवणारा आज आधी किती तास चालवून आलाय हेही विचारायचं. विचारायची लाज वाटू द्यायची नाही. टपावर पार्सलचा ढीग असेल तर ती गाडी सोडून द्यायची, कारण तिचा तोल वर गेलेला असतो. आणि केबिनमध्ये बसायचं नाही.

सुधारणा होऊ शकते का? झालेली आहे, आपल्याच राज्यात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 माणसं गेली. त्याच सुमारास रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्ता सुरक्षेसाठी काम करणारी संस्था यांनी मिळून ‘शून्य मृत्यू’ असं ध्येय ठरवून काम सुरू केलं. प्रत्येक अपघाताची जागा तपासली गेली, दुभाजकात तारेचे दोरखंड लागले, उघडे खांब आणि काँक्रीटची टोकं झाकली गेली, थांबलेल्या गाड्या हलवायला गस्त वाढली. 2023 पर्यंत मृत्यू निम्म्याहून खाली आले. घाट तेच, ट्रक तेच, पाऊस तोच. जुलै 2024 पासून तिथे कॅमेऱ्यांची स्वयंचलित यंत्रणाही चालू झाली. चालकांना उपदेश करून हे घडलेलं नाही. कुठे, केव्हा, कशावर आदळून माणूस मेला याची नोंद ठेवून आणि ती जागा दुरुस्त करून घडलं.

तशी नोंद आता प्रत्येक जिल्ह्यात व्हायला हरकत नाही. पोलीस अपघाताची माहिती जागेवरूनच संगणकात भरतात. 1 एप्रिल 2022 पासून पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा नियम आहे. तीन वर्षांत 500 मीटरच्या पट्ट्यात मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ धरतात. यादी जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीसमोर येते.

तुम्हाला तुमच्या जिल्ह्याचे आकडे हवे असतील तर माहिती अधिकारात पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे ‘अपघातांची एकूण संख्या’ मागू नका. मागायचं ते असं: मागच्या तीन वर्षांतले फक्त मृत्यूचे अपघात, त्यात मृत व्यक्ती कुठल्या वाहनात होती आणि समोरचं वाहन कुठलं होतं हे दोन्ही, धडकेचा प्रकार म्हणजे मागून, समोरून की थांबलेल्या वाहनावर, तीन-तीन तासांच्या गटात वेळ, आणि किलोमीटरच्या दगडासह ठिकाण. ‘कारण’ हा रकाना मागितला नाही तरी चालेल. पाच रकान्यांचा हा कागद हातात आला की तुमच्या तालुक्यातला ट्रक कुठे मारतो, बस कुठे मारते, आणि कुठल्या दोन-तीन जागी दिवा, पट्टी किंवा थांबायची जागा केली पाहिजे, ते एका संध्याकाळी बसून काढता येतं. तो घेऊन समितीच्या पुढच्या बैठकीत जा, आणि सोबत आपल्या भागातल्या एखाद्या ट्रक मालकाला आणि एखाद्या एसटी चालकाला घेऊन जा. त्या जागा त्यांना तोंडपाठ असतात.